इमर्जन्सी मेडिसिनच्या प्राध्यापकाची बढती फक्त पेपरवरच का ठरावी?

धागाकर्ता: रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी पुण्याजवळच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे तातडीच्या रुग्णांवरचे उपचार, शिकवतो. गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका मॅडमची बढती हुकली. कारण एकच, एक पेपर, म्हणजे छापून आलेला शोधनिबंध, कमी पडला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडतो.

या मॅडमनी तीन वर्षांत काय केलं ते आधी सांगतो. आमचं ड्यूटीचं वेळापत्रक कसंही लागायचं. आज सकाळ, उद्या रात्र, परवा दुपार. त्यांनी ते सकाळ, मग दुपार, मग रात्र आणि त्यानंतर दोन दिवस सुट्टी असं लावलं. ऐकायला सोपं वाटतं, पण ते करताना विभागप्रमुखांपासून रेसिडेंटपर्यंत (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांपर्यंत) प्रत्येकाशी त्यांना भांडावं लागलं. लहान मूल दगावलं किंवा नातेवाइकांनी अंगावर हात टाकला की त्या पाळीतले सगळे जण दहा मिनिटं एकत्र बसणार, सिस्टर आणि वॉर्डबॉय मामासुद्धा, हा पायंडा त्यांनीच पाडला. मुलींच्या चेंजिंग रूमला आतून कडी नव्हती. ती बसवून घ्यायला त्यांना चार महिने आणि सहा अर्ज लागले.

आमच्याकडे एक रेसिडेंट श्रवणयंत्र लावणारी आहे. ती रुजू झाली तेव्हा "हिला रिससमध्ये कसं उभं करायचं?" असं उघड बोललं गेलं. रिसस म्हणजे अत्यवस्थ रुग्णाचा जीव वाचवण्याची धडपड चालते ती खोली. मॅडमनी नियम केला की ऑर्डर देणाऱ्याने समोर बघून बोलायचं आणि घेणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची. "अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम दिलं." सहा महिन्यांत ती सवय सगळ्या विभागाला लागली. आता गोंगाटात ऐकण्याची चूक झाली तर ती तिथल्या तिथे पकडली जाते. नियम एका मुलीसाठी केला होता, उपयोग सगळ्यांना झाला.

यातलं काहीही बढतीच्या फॉर्मवर लिहिता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा हिशोब असा: सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षांची सेवा आणि दोन शोधनिबंध, प्राध्यापक व्हायला पुढची तीन वर्षं आणि एकूण चार निबंध. शिवाय अध्यापनाचा आणि संशोधन पद्धतीचा असे दोन कोर्स. एखाद्या दुर्मिळ केसवर लिहिलेला रिपोर्ट यात धरत नाहीत.

आपली शाखाच मुळात नवी. वेगळी शाखा म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. २०२० च्या नियमांत मेडिकल कॉलेजला इमर्जन्सीचा स्वतंत्र विभाग सक्तीचा झाला आणि २०२३ च्या नियमांत ती सक्ती गेली. अशा विभागात शिकवायला माणसं टिकायला हवी असतील, तर टिकवण्याचं काम करणाऱ्याला त्याचं श्रेय मिळायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की विभागातल्या माणसांची काळजी आणि सगळ्यांना सामावून घेणं, यासाठी केलेलं तपासता येण्याजोगं काम बढतीत एका निबंधाच्या तोडीचं धरा. मॅडम आता एका कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये मुलाखत देऊन आल्यात.

प्रतिसाद १: जुना सीएमओ

धागाकर्त्यांच्या मॅडमबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मी पूर्ण असहमत.

मी चाळीस वर्षांपूर्वी कॅज्युअल्टीत, म्हणजे तेव्हाच्या अपघात विभागात, ड्यूटी केली आहे. इमर्जन्सी मेडिसिन हा शब्दही तेव्हा आमच्या कानावर नव्हता. सर्जरीचा हाउसमन (शिकाऊ निवासी डॉक्टर), मेडिसिनचा हाउसमन आणि एक सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) एवढ्यांवर रात्र निघायची. तुमच्या शाखेला आज स्वतःचं नाव आहे ते कशामुळे? या कामामागे स्वतःचं शास्त्र आहे हे कुणीतरी मोजून, लिहून दाखवलं म्हणून. ते लिहिणं सोडलंत तर पुन्हा कॅज्युअल्टीच होईल.

डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. एमडी आपल्या बी. जे. मेडिकलचं. महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाची मुलं डोळ्यांसमोर जात होती. त्यांनी रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लिखाण आलं. पुढे प्राझोसिन या औषधाने किती जीव वाचले ते कोकणात कुणालाही विचारा. त्यांना ना विभाग होता, ना बढतीचा फॉर्म.

आणि आपल्या शहरातलं ताजं उदाहरण. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागातून पायातली शक्ती गेलेले रुग्ण येऊ लागले. गियाँ बारे सिंड्रोम, नसांचा आजार. अशा वेळी "आठवड्यात हे इतके कसे?" असा प्रश्न ज्याला पडतो आणि जो मोजून महापालिकेला कळवतो, तो डॉक्टर शहर वाचवतो. ती नजर संशोधनाच्या शिस्तीतून तयार होते. प्राध्यापकाकडून मी तीच मागणार. कडी बसवणं हे प्रशासनाचं काम. त्यांनी केलं नसेल तर त्यांना जाब विचारा, प्राध्यापकपदाची व्याख्या बदलू नका.

प्रतिसाद २: पांढरी टोपी

मी स्टाफ नर्स आहे, अठरा वर्षं इमर्जन्सीत. पुण्यातच.

सीएमओ सर, जाब विचारायचा म्हणता. आम्ही अर्ज देतो, त्यावर शिक्का बसतो, फाइल फिरते. डॉक्टरांपैकी कुणी पाठीशी उभं राहिलं तरच ती हलते. मागे आमच्याकडे नवले पुलाच्या अपघातातले चार जण एकदम आले होते. त्यातली एक मुलगी माझ्या हातात गेली आणि पाचव्या मिनिटाला मी दुसऱ्याला सलाइन लावत होते. घरी जाऊन मुलाला शाळेचा डबा दिला. कुणी काही विचारलं नाही. त्या रात्रीबद्दल मी पहिल्यांदा बोलले ते दीड वर्षाने.

दहा मिनिटं बसवणाऱ्या मॅडम मला भेटल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला पेपर म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

प्रतिसाद ३: तळजाईची टेकडी

+१ पांढरी टोपी ताई.

प्रतिसाद ४: आकडेमोड

मी डॉक्टर नाही. मेडिकल कॉलेजांतल्या संशोधनाची संख्याशास्त्रीय बाजू बघतो, म्हणजे थिसिस आणि पेपर माझ्या टेबलावरून जातात. माझा विरोध सीएमओंपेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे.

बढतीला जी गोष्ट जोडली तिचं काय होतं हे मी रोज बघतो. निबंधाची अट आली आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल सुरू झाले. ज्याने रुग्ण पाहिलेलाच नाही त्याचं नाव तिसऱ्या जागी येऊ लागलं. उद्या 'विभागातल्या माणसांची काळजी' यालाही गुण लावलेत की कार्यशाळा भरतील, प्रमाणपत्रं वाटली जातील, फोटो काढले जातील. जे काम आज मनापासून होतंय ते फॉर्मसाठी होऊ लागेल. मला त्याची खरोखर भीती वाटते.

आणि एक प्रश्न. मॅडमनी वेळापत्रक बदललं. आधी आणि नंतर आजारपणाच्या रजा किती, औषधाच्या चुका किती, किती जणांनी नोकरी सोडली, हे त्यांच्याकडे असणारच. मग तोच निबंध नाही का? एथिक्स कमिटीकडून मंजुरी घेऊन लिहिला असता तर अडलेला पेपरही झाला असता. धागाकर्ते ज्याला 'तपासता येण्याजोगं काम' म्हणतात, ते तपासलं की संशोधनच होतं. वेगळा रकाना कशाला?

विषयांचाही तोटा नाही. १०८ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तिचा नियंत्रण कक्ष औंधला आहे. कॉल कधी आला, रुग्ण दारात कधी पोहोचला आणि शेवटी घरी कसा गेला, हे तीन टोकांचे धागे एकत्र बांधणारा इमर्जन्सीचा प्राध्यापक मला हवा आहे.

प्रतिसाद ५: रात्रपाळी (धागाकर्ता)

आकडेमोड, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मला टोचला. वेळापत्रकाचं खरंच लिहिता आलं असतं. का नाही लिहिलं? कारण वेळापत्रक लावणारी व्यक्तीच रिकाम्या पाळ्या भरत होती. मॅडमनी त्या वर्षी इतरांपेक्षा जास्त नाइट केल्या. ज्याच्याकडे संध्याकाळ मोकळी असते तो लिहितो. इतरांची संध्याकाळ मोकळी करून देणारा लिहू शकत नाही.

पण सगळं लिहिण्याजोगं नसतं. कडीवर निबंध होत नाही. रात्री तीन वाजता बिहारहून आलेल्या ज्युनियरला "आजींना मराठीत असं विचार" म्हणून चार वाक्यं शिकवणं, यावर कुठलं नियतकालिक निबंध घेईल? आणि आजींनी छातीतली कळ सांगितली ती त्या चार वाक्यांमुळेच.

सीएमओ सर, बावस्करांचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यांना मीही मानतो. त्यांच्या अनेक निबंधांवर त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचंही नाव आहे. इतक्या जिद्दीच्या माणसालाही सोबत लागली. आमच्या रेसिडेंटला ती सोबत कोण देणार, हाच माझा धागा आहे.

प्रतिसाद ६: सोडून आलेली

मी अशीच 'मॅडम' होते, म्हणून लिहिते आहे. कॉलेज कुठलं ते सांगत नाही.

सहाय्यक प्राध्यापक असताना मला बाळ झालं. कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. परत आले तेव्हा पहिल्या महिन्यात आठ नाइट लावल्या होत्या, "तू सहा महिने आराम केलास" म्हणून. दूध काढायला जागा नव्हती. मी ड्रेसिंगच्या स्टोअरमध्ये दाराला पाठ लावून उभी राहायचे.

तरीही माझं मत ऐका, कदाचित धागाकर्त्यांना आवडणार नाही. विभागात समानतेची समिती झाली तेव्हा ती आपोआप माझ्याकडे आली. मुलींच्या तक्रारी माझ्याकडे, रडणारी पोरं माझ्याकडे, "तू छान बोलतेस ना त्यांच्याशी" असं कौतुक करून. माझ्याबरोबर रुजू झालेल्या सहकाऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्याने सेप्सिसवर दोन पेपर लिहिले आणि तो पुढे गेला. तुम्ही या कामाचा वेगळा रकाना केलात तर तो बायकांचा रकाना होईल. पुरुष संशोधन करतील, आम्ही माणसं सांभाळू, आणि दोन्हीला 'समान' म्हटलं जाईल. प्रत्यक्षात परिषदेत भाषणाला बोलावतील ते संशोधनवाल्याला.

म्हणून मी म्हणते, वेगळे गुण नकोत. हे काम प्रत्येकाच्या वाट्याला सक्तीने यावं. आणि ज्याच्याकडे आहे त्याला आठवड्यातला एक अर्धा दिवस ड्यूटीतून मोकळा द्या, लेखी. मला गुण नको होते, मंगळवारची दुपार हवी होती.

प्रतिसाद ७: जुना सीएमओ

सोडून आलेली ताई, तुमचं स्टोअर रूमचं वाक्य वाचून थांबलो. माझ्या विभागात असं घडलं असेल का, हे मला सांगता येणार नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

अर्ध्या दिवसाच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. पण पदाच्या बाबतीत माझं मत तेच आहे.

श्रवणयंत्राच्या मुद्द्यावर मात्र एक शंका आहे, राग मानू नका. इमर्जन्सीत सेकंदाला किंमत असते. ज्याला ऐकण्याची, हाताची, पायाची मर्यादा आहे त्याला दुसरी एखादी शाखा देणं त्याच्या आणि रुग्णाच्याही हिताचं नाही का?

प्रतिसाद ८: समोर बघून बोला

मीच ती रेसिडेंट. हा धागा सरांनी पाठवला म्हणून खातं उघडलं.

सीएमओ सर, राग नाही. हाच प्रश्न मला प्रवेशाच्या वेळी विचारला गेला, रुजू झाल्यावर विचारला गेला, आणि मी स्वतःलाही विचारला आहे. २०१९ च्या नियमांत डॉक्टर होणाऱ्याचे "दोन्ही हात शाबूत" असावेत असं लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की अपंगत्वाची टक्केवारी पाहून कुणाला बाद करता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासा. २०२५ मध्ये त्या हातांच्या अटीलाही न्यायालयाने नावं ठेवली. म्हणजे प्रश्न विचारा, पण माझं काम बघून विचारा.

माझा स्टेथोस्कोप आवाज वाढवतो. रिससमध्ये मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहते, तिथून मॉनिटर आणि सगळ्यांचे चेहरे दिसतात. लीडरने तिथेच उभं राहायचं असतं. चेहरा मास्कमागे असतो तेव्हा मला सगळ्यात त्रास होतो, म्हणून परत म्हणण्याचा नियम. गेल्या गणपतीत विसर्जनाच्या रात्री बाहेर ढोल इतके वाजत होते की कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्या रात्री आमच्या पाळीत एकही ऑर्डर चुकली नाही.

राष्ट्रीय आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये पाहणी केली होती. पीजी करणाऱ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येतात असं कळवलं. आठवड्याला ७४ तासांची मर्यादा घाला, अशी शिफारस त्यात आहे. पहिल्या वर्षी मी त्या टक्क्यांत होते. हे मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे. मी बाहेर आले कारण एका पाळीनंतर मॅडमनी मला गाडीपर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "उद्या येऊ नकोस, मी करते."

आकडेमोड काका, थिसिस मी याच नियमावर घेते आहे. ऑर्डर परत म्हणण्याआधीच्या आणि नंतरच्या औषधाच्या चुका. नमुन्याचा आकार काढायला मदत कराल का?

प्रतिसाद ९: आकडेमोड

जरूर. औषधाच्या चुकांची जुनी नोंद कुठल्या वहीत आहे आणि ती कोण भरत होतं, ते आधी बघ. नियम लागू झाल्यावर लोक चुका जास्त नोंदवायला लागले असतील तर आकडा वाढलेला दिसेल, त्याची तयारी ठेव. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

प्रतिसाद १०: रात्रपाळी (धागाकर्ता)

सोडून आलेली ताई, तुमचं पटलं. वेगळ्या रकान्याचा आग्रह मी सोडतो, श्रेयाचा सोडत नाही. सोमवारी कॉलेज कौन्सिलकडे जो अर्ज देतोय त्यात आता दोनच मागण्या आहेत. वेळापत्रक, तक्रारी आणि पाळीनंतरची बैठक ही कामं विभागातल्या प्रत्येक शिक्षकाकडे आळीपाळीने, पुरुषांकडेही. आणि ज्याच्याकडे ती असतील त्याला आठवड्यात अर्धा दिवस लेखी सुटका.

अर्ज मॅडमना दाखवला. त्यांनी कॉर्पोरेटला अजून होकार कळवलेला नाही. म्हणाल्या, कौन्सिल काय म्हणतंय ते बघू.