पीसीएसएक्स२ वर फिफा स्ट्रीट २ : ट्रिक मारायला गेलं की पासच जातो

गोलपोस्ट_दोन_चपला (धागाकर्ता)

गेम: फिफा स्ट्रीट २, पीएस२ (प्लेस्टेशन २), २००६, युरोपातली मूळ डीव्हीडी. त्याच डीव्हीडीची आयएसओ फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत) केली आहे आणि बायोस (कन्सोल सुरू करणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्याच पीएस२ मधून काढलेला आहे. एम्युलेटर (कॉम्प्युटरवर पीएस२ चे गेम चालवणारा प्रोग्राम) पीसीएसएक्स२ ची २.० आवृत्ती. लॅपटॉप आय३, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. दोन स्वस्तातले यूएसबी गेमपॅड, दोन्ही एकाच मॉडेलचे.

तीन अडचणी आहेत:
१) उजवी स्टिक ढकलली की ट्रिकऐवजी कधी पास जातो, कधी थेट शॉट.
२) एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ५० च्या वर जातच नाही. गोलसमोर गर्दी झाली की ४० वर येतो आणि आवाज तडतडतो.
३) दोन्ही पॅड एकाच खेळाडूला चालवतात.

उजवी_स्टिक

पहिल्या अडचणीचं कारण जवळजवळ नक्की हेच: पॅडच्या मधोमध 'अ‍ॅनालॉग' लिहिलेलं बटण असेल, त्याचा लाल दिवा बंद आहे. या साध्या पॅडमध्ये दिवा बंद असताना डावी स्टिक डी-पॅडसारखी वागते आणि उजवी स्टिक चक्क त्रिकोण, गोल, फुली, चौकोन या चार बटणांचं काम करते. तुम्ही ट्रिक मारताय, पण पॅड कॉम्प्युटरला "फुली दाबली" असं सांगतोय. एम्युलेटरचा यात काही दोष नाही.

दिवा लावला तरी काम तिथेच संपत नाही. दिवा बंद असताना केलेलं मॅपिंग आता चुकीचं ठरतं, त्यामुळे ते पुसून नव्याने करा. सेटिंग्जमधून कंट्रोलर्स, तिथे कंट्रोलर पोर्ट १, आणि 'क्लिअर मॅपिंग'. मग उजव्या स्टिकच्या 'अप' चौकटीवर क्लिक करून स्टिक सरळ वर, शेवटपर्यंत ढकला. अर्धवट किंवा तिरकी ढकलली तर शेजारचा अक्ष पकडला जातो आणि नंतर वर म्हटलं की खेळाडू बाजूला ट्रिक मारतो. चारही दिशा एकेक करून द्या. 'ऑटोमॅटिक मॅपिंग'वर अशा पॅडसाठी विसंबू नका, उजव्या स्टिकचे दोन अक्ष त्यात बऱ्याचदा उलटसुलट होतात. चौकट चुकून भरली तर राइट क्लिकने रिकामी होते.

स्टिक सैल झाली असेल तर डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) १० ते १५ टक्क्यांवर न्या. त्याहून फार वाढवू नका, हलका झटका मग नोंदलाच जात नाही आणि या गेममध्ये सगळी मजा त्या झटक्यातच आहे. सेन्सिटिव्हिटी मुळातच १३३ टक्के असते, ती तशीच राहू द्या. स्वस्त पॅडची स्टिक कोपऱ्यात पूर्ण पोचत नाही, ती तूट त्याने भरून निघते.

केबल काढून लावली की दिवा पुन्हा विझतो. "काल चालत होतं" म्हणायच्या आधी तो बघा.

फ्रेम_मोजणारा

दुसऱ्या अडचणीत दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. युरोपातली डिस्क म्हणजे पाल (तिकडची टीव्ही पद्धत), म्हणजे ५० हर्ट्झ. तिथे ५० एफपीएस हाच शंभर टक्के वेग. ६० करायच्या नादी लागू नका, टक्केवारी बघा.

४० वर येतो ते मात्र खरं दुखणं, आणि आवाज तडतडतो तोही त्यामुळेच. ऑडिओच्या सेटिंग्ज खालीवर करून ते जाणार नाही. ऑन-स्क्रीन डिस्प्लेमध्ये स्पीड, सीपीयू आणि जीपीयू वापर सुरू करा आणि गर्दीच्या क्षणी आकडे वाचा. जीपीयू शंभराला टेकत असेल तर इंटर्नल रिझोल्यूशन नेटिव्हवर (पीएस२ च्या मूळ रिझोल्यूशनवर) आणा. ३एक्स म्हणजे साधारण १०८० पी, ऑनबोर्ड ग्राफिक्सला ते झेपत नाही. २एक्स नंतर करून बघता येईल. ब्लेंडिंग अ‍ॅक्युरसी 'बेसिक'च्या वर नको. व्हल्कन आणि डायरेक्ट३डी ११ हे दोन्ही रेंडरर (चित्र काढायच्या पद्धती) आलटून पालटून बघा, जुन्या इंटेल चिपवर फरक पडतो.

ईई (पीएस२ च्या मुख्य प्रोसेसरची नक्कल, जी तुमच्या सीपीयूवर चालते) शंभराला टेकत असेल तर दोष प्रोसेसरचा. आधी चार्जर लावा आणि विंडोजचा पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मग एमटीव्हीयू (कामाचा एक भाग वेगळ्या कोअरवर टाकणारी सेटिंग) चालू आहे ना ते पाहा. दोनच कोअरचा आय३ असेल तर त्याचा फायदा होईलच असं नाही. ईई सायकल स्किपला हात लावू नका: आकडा शंभर दिसतो, पण मधल्या फ्रेम खाल्ल्या जातात आणि समोरच्याला चुकवायचं टायमिंग पार बिघडतं.

वेग जमला आणि तरी ट्रिक उशिरा लागतेय असं वाटलं, तर 'ऑप्टिमल फ्रेम पेसिंग' चालू करा. बटण दाबल्यापासूनचा उशीर कमी होतो, पण प्रोसेसरवरचा ताण वाढतो.

पोर्ट_नंबर_दोन

तिसरी: दोन्ही पॅड एकाच पोर्टला बांधले गेलेत. पोर्ट १ च्या चौकटींमध्ये फक्त एसडीएल-० (एम्युलेटरने पहिल्या पॅडला दिलेलं नाव, दुसऱ्याचं एसडीएल-१) दिसायला हवं. पोर्ट २ मुळात 'नॉट कनेक्टेड' असतो, त्याला ड्युअलशॉक २ करा आणि तिथे सगळीकडे एसडीएल-१ द्या. हे क्रमांक पॅड जोडायच्या क्रमावर ठरतात, त्यामुळे अदलाबदल झालेली दिसली तर नव्याने मॅपिंग नको, केबलींची जागा बदला.

गोलपोस्ट_दोन_चपला

दिवाच बंद होता! मॅपिंग नव्याने केलं, ट्रिक लागतायत. नेटिव्हवर वेग ९८ ते १००. आता पॅड जवळ नसेल तेव्हा पीएसपीची (सोनीच्या हातातल्या कन्सोलची) आवृत्ती फोनवर घ्यावी का? आणि गेमब्रेकरची (भरली की खास चाल वापरता येते ती) पट्टी भरतच नाही.

उजवी_स्टिक

पीएसपीला उजवी स्टिकच नाही, ट्रिका बटणांवर येतात. पीएस२ वरच राहा.

पट्टी ट्रिकांनी भरते, नुसत्या धावण्याने आणि पासने नाही. चार विरुद्ध चार, त्यात एक गोली, म्हणजे समोर तिघेच. मोकळ्या जागेत एकट्याने नाचण्यापेक्षा अंगावर येणाऱ्याला चुकवा.

फ्रेम_मोजणारा

एक राहिलं. प्रगती मेमरी कार्डवर सेव्ह करा, सेव्ह स्टेटवर (एम्युलेटरने त्या क्षणाची घेतलेली नोंद) नाही. एम्युलेटर अपडेट झाला की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. मेमकार्ड्स फोल्डरमधल्या एमसीडी००१ फाइलची प्रत काढून ठेवा, आकार ८ एमबीच्या आसपास असतो.