सात मोठा की पाच? चिपच्या नावांचा चकवा: तुमचे अनुभव

कपाटवाली
काल माळा आवरताना आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचं खोकं सापडलं. त्यावर बाबांच्या अक्षरात, निळ्या पेनने लिहिलेलं: "४८६ डीएक्स२-६६". खोकं मांडीवर घेऊन दहा मिनिटं तशीच बसले. ३८६ चिपच्या पुढची ती ४८६, आणि ६६ म्हणजे तिचा वेग, ६६ मेगाहर्ट्झ. मोठा आकडा म्हणजे मोठं मशीन. किती सरळ होतं सगळं!

फोटो बहिणीला पाठवला, तर तिने उलट टपाली चार लॅपटॉपांची यादीच पाठवली. "ताई, यातला कुठला?" एकात 'अल्ट्रा ५', दुसऱ्यात नुसता '७', तिसऱ्यात 'एआय ९' आणि पुढे आणखी तीन आकडे, चौथ्याचं नाव तर एका दमात वाचताही येईना. मग माझा जुना चटका आठवला.

नोकरीला लागल्यावर पहिला लॅपटॉप घेतला तो प्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, नावात '७' बघून. '५' वाला स्वस्त होता, पण सात म्हणजे पाचापेक्षा दोनाने जास्त, एवढं गणित मला येत होतं. शेवटी एक 'यू' होता, तो मी अल्ट्राचा धरला. वर्षभराने शेजारच्या टेबलावरच्या मुलाने '५' घेतला. तीच एक्सेल फाइल. त्याची उघडून, बघून, बंदसुद्धा झाली तरी माझ्याकडे निळं गोल फिरतंय. त्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवलं. माझ्याकडे कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे हात, दोन, त्याच्याकडे चार. मी म्हटलं, अरे पण माझा सात आहे! तर म्हणे, "मॅडम, ते नुसतं नाव आहे हो."

तुम्हाला कुणाला लागलाय का असा चकवा? लिहा.

रातपाळी
रुमाल. ड्यूटी संपली की लिहितो.

मीच ती
रुमाल टाकणारे परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही :)

स्क्रू-पान्हा
हा धागा माझ्यासाठीच काढलाय. मी स्वतः मशीन जोडतो, चारचौघांना सल्ले देतो, आणि तरी आपटलो.

भाच्यासाठी सगळे भाग एकेक करून मागवले. प्रोसेसरचे दोन भाऊ दिसत होते, आकडे हुबेहूब तेच, एकाच्या शेवटी जास्तीचं एक अक्षर. त्या अक्षरवाल्याची किंमत थोडी कमी. लावलं डोकं, वाचवले पैसे. रात्री साडेनवाला जोडायला बसलो. भाचा शेजारी टॉर्च धरून. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'.

रॅम काढून घातली. परत काढून घातली. केबल बदलली. टीव्हीला लावून बघितलं. बायोसची बॅटरी काढून पाच मिनिटं थांबलो. साडेबाराला भाचा टॉर्च हातात धरूनच झोपला. दोन वाजता सगळी आशा सोडून प्रोसेसरचं रिकामं खोकं उचललं आणि पहिल्यांदा बारीक अक्षरं वाचली. ग्राफिक्स कार्ड वेगळं लागेल. शेवटचं अक्षर 'एफ' होतं. चिपमध्ये चित्र काढणारा भागच बंद! मदरबोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे, त्यात केबल बसते, सगळं कसं व्यवस्थित दिसतं, पण पलीकडे कुणी राहतच नाही.

पुढचे आठ दिवस ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत भाचा मला "एफ मामा" म्हणत होता. अजूनही म्हणतो.

मीच ती
हहपुवा! एफ मामा!! टॉर्च धरून झोपलेला भाचा डोळ्यांसमोर आला.

अक्षरशत्रू
@कपाटवाली, तुमचा नेमका कुठला होता माहीत नाही, पण यू म्हणजे कमी वीज खाणारा. पातळ लॅपटॉपसाठी, साधारण १५ वॅटच्या हिशेबाने केलेला. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या सातव्या पिढीत आय७-७५००यू हा दोन कोअरचा होता आणि त्याच पिढीतला डेस्कटॉपचा आय५-७४०० चार कोअरचा. पुढच्याच पिढीत लॅपटॉपचा आय५-८२५०यू पण चार कोअरचा झाला. म्हणजे पिढी बदलली की कालचा सात आजच्या पाचाच्या मागे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी शेवटचं अक्षर बघा, मग पिढी, आणि तीन-पाच-सात सगळ्यात शेवटी. एच असेल तर जास्त ताकद, जास्त गरम. के म्हणजे वेग वाढवायची मुभा. एफ तर मामांनी सांगितलाच.

त्यातही गंमत, त्याच सातव्या पिढीत आय७-७वाय७५ नावाचा एक होता. वाय मधेच घुसवलेला! साडेचार वॅटचा, पंख्याशिवाय चालणारा. त्याच्या आधीच्या पिढीत तसल्या चिपांना वेगळं 'एम' नाव होतं. ते काढून थेट आय७ लावलं. बघणाऱ्याला आय७ च दिसणार ना.

(मोबाइलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या)

सदा प्रसन्न
मला हा गोंधळ कधीच झाला नाही, कारण मी कधी बघितलंच नाही. आमच्या सासूबाईंनी लॅपटॉप रंगावरून घेतला. सहा वर्षं झाली, छान चाललाय. आतमध्ये काय आहे ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. गोंधळ होतो तो अर्धवट माहिती असणाऱ्यांचा. रागावू नका हं कुणी.

स्क्रू-पान्हा
रागावलो नाही, पण लागलं :(

जुनाट
कपाटवाली, आठवणी गोड असतात, पण "तेव्हा सगळं सरळ होतं" याला माझा सक्त विरोध. तुमच्या बाबांच्या ४८६ मध्येच बघा. डीएक्स आणि एसएक्स. एसएक्समध्ये दशांश अपूर्णांकाची गणितं करणारा भाग चालू नसायचा. तो पुढे हवा झाला तर ४८७ नावाची वेगळी चिप घ्यायची. आणि ही ४८७ म्हणजे काय, तर अख्खा ४८६ डीएक्सच, एक पिन जास्तीची! ती बसवली की जुनी चिप गप्प, सगळं काम नवीच करणार. म्हणजे नाव जोडीदाराचं आणि प्रत्यक्षात सवत. डीएक्स२ मधला २ म्हणजे दुसरी आवृत्ती असं मी कित्येक वर्षं समजत होतो. तो चिपच्या आतल्या घड्याळाचा वेग दुप्पट केल्याचा २. बाहेर ३३, आत ६६.

आकडे जाऊन नावं आली तीही गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नाही. ३८६, ४८६ अशी चिप दुसऱ्या कंपन्याही त्याच आकड्याने विकत होत्या, आणि १९९१ मध्ये कोर्टाने '३८६' या आकड्यावर इंटेलला मालकी दिली नाही. म्हणून १९९३ मध्ये ५८६ च्या जागी पेंटियम. ग्रीक 'पेंटे' म्हणजे पाच. पाच गेला नाहीच, वेष पालटून आला.

आणि मेगाहर्ट्झवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: सायरिक्स कंपनीचा पी१६६+ प्रत्यक्षात १३३ वर चालायचा. एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या २००१ च्या अॅथलॉन एक्सपी १८००+ चा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ. कंपन्यांचं म्हणणं असं की काम नावातल्या आकड्याच्या तोडीचं होतं. बऱ्याच अंशी खरंही होतं म्हणा.

कपाटवाली
जुनाट, दंडवत! "प्रत्यक्षात सवत" वाचून मोठ्याने हसले, घरातले बघायला लागले. बाबांना विचारते आज डीएक्स का घेतला ते.

ओवी
माळा एकटीने आवरलात? माझा तीन वर्षं राहिलाय. खोक्यात खोकं, खोक्यात खोकं. आतल्या खोक्यात काय आहे ते उघडायची भीती वाटते.

कपाटवाली
@ओवी एका रविवारी एकच कोपरा. आणि फोटो बघत बसायचं नाही, हा नियम. मी मोडला.

दोन मुलांची आई
फोनचं पण तेच आहे हो. मुलाला फोन हवा होता. स्नॅपड्रॅगन ७ जेन २ ही चिप असलेला घ्यायचा असं त्याने मित्राकडून ऐकून आला. मी शोधलं तर एक ७एस जेन २ आणि एक ७ प्लस जेन २. मला वाटलं एस म्हणजे सुपर, प्लसच्या वरचा असेल. नशीब, भावाला विचारलं. प्लसवाला कितीतरी तगडा, एसवाला बराच खालचा. मग एस कशाचा? भाऊ म्हणाला, सबुरीचा.

थांबा, धाकटी उठली.

अक्षरशत्रू
स्नॅपड्रॅगनच्याच ८८८ च्या नंतर '८ जेन १' आला तेव्हा आमच्या ऑफिसात एकाने ठामपणे सांगितलं होतं की ८८८ मोठा, तीन आठ आहेत. मग ८ जेन २, ८ जेन ३, मधेच ८एस जेन ३, मग ८ एलिट. आणि त्याच्यानंतर ८ एलिट जेन ५. एलिट जेन २, ३, ४ कुठे गेले विचारू नका.

दोन मुलांची आई
*ऐकून आला होता, वर चुकून 'त्याने' पडलंय. धाकटी झोपली परत. मोठा विचारतोय माझ्याबद्दल काय लिहितेस.

गल्ल्यापलीकडचा
मी दोन वर्षं कॉम्प्युटरच्या दुकानात विक्रीला उभा होतो. दुकानाचं नाव विचारू नका. आम्हाला एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: "सर, लेटेस्ट आहे." कुठल्या अर्थाने लेटेस्ट ते सांगायचं नाही. गिऱ्हाईक आकडा वाचायचं आणि आमच्या तोंडाकडे बघायचं. मी मान डोलावली की झालं.

सगळ्यात वाईट वाटायचं ते एएमडीच्या ७००० मालिकेच्या लॅपटॉपांचं. त्यात चार आकड्यांपैकी पहिला म्हणजे बाजारात आल्याचं वर्ष, आणि आतली रचना किती जुनी ते सांगतो तिसरा. ७५२०यू मध्ये तिसरा दोन, म्हणजे झेन २, ती रचना २०१९ ची. ७६४०यू मध्ये तिसरा चार, म्हणजे झेन ४. दोन्हींचं नाव रायझन ५, दोन्ही 'सात हजारी', एकाच फळीवर शेजारी शेजारी. लपवलेलं काही नाही, तक्ता कंपनीने स्वतः जाहीर केलेला. पण उभ्या उभ्या तिसरा आकडा कोण वाचतं? एका काकांनी वाचला होता. कागदावर तक्ता लिहून आणला होता त्यांनी, चश्मा कपाळावर. मी त्यांना खुर्ची दिली. इतर कुणाला कधी दिली नाही.

जुनाट
यावरून आठवलं, २०२३ च्या अखेरीस इंटेलने नेमका हाच ७५२०यू धरून एक सादरीकरण काढलं होतं, जुना माल नव्या नावाने विकतात म्हणून. पुढच्याच महिन्यात स्वतःचा 'कोअर ७ १५०यू' आणला, आत आदल्या पिढीचीच रचना. आपला तो बाब्या.

खेळगडी
ग्राफिक्सवाल्यांना कसं विसरलात? जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड, तीन जीबी आणि सहा जीबी. सगळ्यांना वाटायचं फरक मेमरीचा. कोअरही कमी होते, १२८० च्या जागी ११५२. आणि २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० चे दोन प्रकार जाहीर झाले, १६ आणि १२ जीबी, आत चिपच वेगळी. लोक इतके खवळले की १२ वाला बाजारात यायच्या आधीच मागे घेतला. २०२३ च्या जानेवारीत तोच ४०७० टीआय म्हणून आला. म्हणजे ओरडलं की ऐकतात कधीकधी.

लॅपटॉपवर ४०९० लिहिलेलं असतं त्यात डेस्कटॉपच्या ४०८० वाली चिप असते, हेही जाता जाता.

सदा प्रसन्न
हे सगळं वाचून सासूबाईंबद्दलचा आदर वाढला.

ओवी
यूएसबीचं कुणी बोलत नाहीये. ३.० चं नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. भोक तेच, वेग तोच, बारसं तीनदा.

एफ मामाचा भाचा
मामाने लिंक पाठवली म्हणून आलो. टॉर्च धरून झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते. आणि तो पीसी अजून मस्त चालतो.

स्क्रू-पान्हा
घोरत होतास.

कपाटवाली
बाबांशी बोलले. म्हटलं, बाबा, तुम्ही एसएक्स न घेता डीएक्स२ घेतलात, कसं कळलं तुम्हाला? थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाले, "अगं, पावतीवर होतं ते खोक्यावर उतरवून ठेवलं. हरवलं तर कळावं म्हणून. त्याने दोन दाखवले, मी म्हटलं जास्त अक्षरंवाला द्या."

बहिणीचं म्हणाल तर तिने काल परस्पर घेऊन टाकला. का, तर त्याच्या कीबोर्डवर उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी आहे. आत काय आहे ते मी विचारलं नाही.

मीच ती
आकड्यांची पट्टी मलाही हवी असते! नाहीतर वरच्या ओळीतले आकडे दाबून बोटं दुखतात. कुठला घेतला तिने, नाव सांग ना.

कपाटवाली
@मीच ती विचारून सांगते. करडा आहे एवढं माहीत आहे.