मदत हवी आहे: मुलाच्या टिक्स आणि मेंदूला 'चालना' देणारं मशीन

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगा सहावीत आहे. आधी नुसते डोळे मिचकवायचा, मग मान झटकणं आलं, आता घसा खाकरल्यासारखा आवाजही येतो. न्यूरोलॉजिस्टनी टुरेट सिंड्रोम सांगितलंय. टिक्स म्हणजे मनात नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचाली किंवा आवाज. हालचालीच्या आणि आवाजाच्या, दोन्ही प्रकारच्या टिक्स वर्षाच्या वर टिकून आहेत, म्हणून.

तो सांगतो, "आई, मानेत काहीतरी साठत येतं, झटका दिला की मोकळं वाटतं." वर्गात कसंबसं दाबून धरतो आणि घरी दप्तर टेकवलं की सगळं उसळून येतं. पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळताना मात्र मान एकदाही हलत नाही! त्यामुळेच शाळेत बाईंना वाटतं, मुद्दाम करतो. नातेवाईक 'बाहेरचं बघून या' म्हणतात, तो विषय मी बंद केलाय.

आता एका ठिकाणी डोक्याला मशीन लावून 'ब्रेन स्टिम्युलेशन' करू म्हणालेत, पैसे आगाऊ. वाचलं तर या नावाखाली भलत्याच वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. मेंदूत खोलवर तार बसवायची शस्त्रक्रिया टुरेटसाठी पहिल्यांदा 1999 मध्ये नोंदली गेली. ती फार तीव्र त्रास असलेल्या, बहुतेक मोठ्या माणसांसाठी. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2020 मध्ये मनगटाच्या नसेला सेकंदाला 10 हलके विद्युत ठोके देऊन टिक्स कमी झाल्याचं दाखवलं, ते आणखी निराळं. यातलं आम्हाला नक्की काय देतायत? कुणाला अनुभव आहे का? आणि टिक्स आवरण्यासाठी सवय बदलायचा उपचार मराठीतून शिकवणारं कोणी आहे का?

प्रतिसाद (सांगलीकर बाबा):
ताई, पैसे भरू नका अजून. टिक्स आपोआप चढतात-उतरतात. साधारण 10 ते 12 या वयात जोर सर्वांत जास्त असतो, पुढे बऱ्याच मुलांचा कमी होतो. आपण डॉक्टरकडे धावतो ते त्रास टोकाला गेल्यावर, मग नंतर काहीही केलं तरी गुण आल्यासारखा वाटतो. म्हणून त्यांना एवढंच विचारा: खोटं मशीन (नुसतं लावलेलं, खरा उपचार न देणारं) लावलेल्या मुलांशी तुलना करून पाहिलंय का, आणि याच वयाच्या मुलांवर?

सवय बदलायच्या उपचाराची तशी पारख झालीय. अमेरिकेत 126 मुलांवरचा अभ्यास 2010 मध्ये आला. हा उपचार घेतलेल्यांपैकी 52.5 टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत 18.5 टक्क्यांना. आमच्या मुलीला शिकवलं ते असं: झटक्याची ओढ आली की हनुवटी किंचित आत घ्यायची, मान हलकी ताठ धरायची, ओढ ओसरेपर्यंत. आणि घरात कोणी 'थांब, करू नको' म्हणायचं नाही. आम्ही पुण्याच्या मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडून ऑनलाइन घेतलं, मराठीतून.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. मशीनवाल्यांना हे दोन्ही प्रश्न विचारते. त्या बाईंचा संपर्क व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? शाळेला दिलेलं डॉक्टरांचं पत्र असेल तर त्याचा मसुदाही हवाय, सहामाही परीक्षा तोंडावर आलीय.