हिशोबाची वही कोणाच्या हातात? मराठवाड्याचे साहित्य आणि वर्गाचा प्रश्न

बालाघाट (धागाकर्ता):

मराठवाड्यातल्या ग्रामीण आणि दलित साहित्याविषयी बोलताना 'वेदना', 'दाहकता', 'अस्सल बोली' हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. 'वर्ग' हा शब्द मात्र कोणी काढत नाही, आणि काढलाच तर तो मुंबईच्या गिरणगावातून उचलून इथे आणल्यासारखा मानला जातो. माझे म्हणणे असे आहे की हा शब्द टाळल्यामुळे आपण दुःख वाचतो, पण ते कोणत्या व्यवहारातून निपजते ते वाचायचे राहून जाते.

धारूर तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षे शिक्षक होतो. उसाचा हंगाम उरकून माणसे परत आली की कोणी ना कोणी मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, चिठ्ठी वाचून घ्यायला ओट्यावर येऊन बसत असे. त्यातली एक चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे. वहीचे फाडलेले पान, वर नवराबायको दोघांचे मिळून 'कोयता १' असे लिहिलेले, त्याखाली दिवाळीच्या सुमारास घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मग तोडलेल्या उसाचे टन, आणि त्यातून वजा होत गेलेले किराणा, दवाखाना व खाडे. पाच महिने फडात राबूनही शेवटच्या ओळीत बाकी अंगावरच निघाली होती. ती बाई म्हणाली, "गुरुजी, मोळ्या म्या मोजल्या, आकडे त्यानं मांडले."

उत्पादनाच्या व्यवहारात माणसे ज्या संबंधांनी बांधली जातात तो समाजाचा पाया असतो आणि कायदा, राजकारण, विचार यांचा इमला त्यावर उभा राहतो, असे मार्क्सने १८५९ साली लिहिले. पुस्तकात ते मी कैक वेळा वाचले होते. कळले ते त्या ओट्यावर. गरिबी ही एक अवस्था आहे, तर वर्ग हे दोन माणसांमधले नाते आहे: एकाचे श्रम आणि त्या श्रमांची मोजदाद करण्याची सत्ता दुसऱ्याची. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' या १९७१ सालच्या कादंबरीत गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून येते. तिच्या बोलीचे आपण मनापासून कौतुक केले, आणि ते रास्तच आहे. परंतु हातातल्या कसबावर पोट असलेला माणूस गावातल्या सत्तेपुढे इतका निराधार का ठरतो, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

परभणीकर:

बालाघाट, तुमची चिठ्ठी खरी आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. ही विभागणी वर्गाच्या आधी उभी आहे आणि वर्गाला जुळू देत नाही, हा आमच्या भागाचा अनुभव आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात खेडोपाडी दलितांची घरे जळाली. जाळणाऱ्यांत ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती असेही लोक होते. जळालेला आणि जाळणारा दोघेही उद्या त्याच बागायतदाराच्या बांधावर रोजंदारीला जाणार असतील, तर तुमच्या सिद्धांताप्रमाणे ते एकाच बाजूला हवे होते. ते तसे नव्हते, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले.

'आधी वर्ग, जात मागाहून आपोआप सुटेल' हे आम्ही पुष्कळ ऐकले. कॉम्रेड शरद पाटील यांना १९७८ साली आपला पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढावा लागला, तो याच प्रश्नापायी. इमल्यात ठेवलेली जात प्रत्यक्षात पायातच रुतलेली आहे, हे मान्य केल्याशिवाय तुमचे वाचन पुढे सरकणार नाही.

गोदाकाठ:

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो साहित्याच्या बाजूने आहे. कथा किंवा कविता ही मुकादमाची चिठ्ठी नव्हे. लेखकाने कोणाची बाजू घेतली हे तपासून कृती जोखण्याची सवय मार्क्सवादी समीक्षेला लागली, आणि तिच्यामुळे किती तरी घोषणाबाज लेखन थोर ठरले. खुद्द मार्क्सचा सहकारी एंगल्स याची दृष्टी याहून उदार होती. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक राजेशाहीचा पाठीराखा असूनही त्याने सरदारवर्गाची पडझड अचूक दाखवली, असे १८८८ सालच्या एका पत्रात एंगल्सने नोंदवले आहे. म्हणजे लेखकाचे मत एक असते आणि त्याची लेखणी दुसरेच पाहत असते.

आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. ती दासी होती, दळणकांडण तिच्या वाट्याला होते, आणि तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, केर भरतो. याला श्रमिकाच्या मनावरची धर्माची गुंगी म्हणायचे असेल तर मग जनाबाई आपल्याला वाचताच येत नाही, असे मी म्हणेन.

बालाघाट:

गोदाकाठ, जनाबाईला गुंगीत ढकलण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. देवाला सिंहासनावरून उठवून जात्याला हात लावायला लावणे, ही दासीच्या जागेवरूनच सुचू शकणारी कल्पना आहे. मालकिणीला ती सुचली नसती, कारण तिला जात्याचा भार ठाऊकच नव्हता. वर्ग ध्यानात घेऊन वाचणे म्हणतात ते मला एवढेच अभिप्रेत आहे, आणि त्याने अभंग लहान होत नाही. घोषणाबाजीबद्दलचा तुमचा राग मात्र मला पटतो.

परभणीकर, तुमच्या आक्षेपापुढे मला अधिक थांबावे लागते. आर्थिक घटक हा एकमेव निर्णायक घटक आहे असे मार्क्सने किंवा आपण स्वतः कधी म्हटले नाही, असा खुलासा एंगल्सला १८९० सालच्या पत्रात करावा लागला होता. पण त्याच्या आडोशाला मी जाणार नाही, कारण तुम्ही दाखवलेली गोष्ट त्या खुलाशाहून मोठी आहे. तरीही एक विचारतो. मुकादम बहुधा मजुरांच्याच गावचा, पुष्कळदा त्यांच्याच जातीचा असतो. साखर कारखाना करार करतो तो त्याच्याशी किंवा वाहतूकदाराशी, आणि कागदावर मजुरांचा मालक कोणीच उरत नाही. 'आपला माणूस आहे, बुडवणार नाही' या भरवशावर उचल घेतली जाते. सत्ता केवळ धाकावर टिकत नाही, ती संमतीवर टिकते, असे तुरुंगात लिहिणाऱ्या ग्राम्शी या इटालियन मार्क्सवाद्याने सांगितले. ती संमती इथे जातच मिळवून देते. मग जात आणि वर्ग एकमेकांना पर्याय कसे?

परभणीकर:

पर्याय नाहीत, एवढे मान्य. पण स्वजातीच्या मुकादमाकडून फसणे आणि पाणवठ्यावर वा स्मशानात अडवले जाणे यांत फरक आहे. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात माणूसपणच नाकारले जाते. गायरानाचेच, म्हणजे गावच्या सामाईक चराऊ जमिनीचेच बघा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाने ठरवले, तरी दलिताने गायरान नांगरले की गावातला अल्पभूधारकही बिथरतो. त्याचे स्वतःचे रान जात नसते. काल आपल्या बांधावर राबणारा आज स्वतःची तिफण धरतो, हे त्याला सोसत नाही. या न सोसण्याला तुमच्या वहीत कोणता रकाना आहे?

चुंभळ:

तुम्ही तिघेही त्या चिठ्ठीवरून पुढे निघून गेलात. माझी आई सात हंगाम फडावर गेली. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, मग नवरा तोडेल तो ऊस साळून मोळ्या बांधायच्या, आणि गाडी लागली की मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून वर चढायचे. एवढे करून ती हिशोबात एक माणूसही नव्हती, अर्धा कोयता होती. उचल नवऱ्याच्या हाती पडे आणि फेड दोघांच्या अंगावर बसे. आजारपणात बसून काढलेला दिवस खाडा म्हणून लागे, पण तिने रांधलेले, धुतलेले, पाजलेले कोणत्याच रकान्यात चढत नसे. घरातल्या श्रमांचा आणि मालकीचा संबंध एंगल्सने १८८४ साली कुटुंबाविषयी लिहिताना जोडून दाखवला होता. आपल्याकडच्या वर्गवादी आणि जातिविरोधी अशा दोन्ही बैठकांत मी तो फार क्वचित ऐकला.

बालाघाट, ज्या बाईचे वाक्य तुम्ही वर दिले आहे, तिच्या त्या चिठ्ठीवर अंगठा कोणाचा होता?

बालाघाट:

नवऱ्याचा. तिचे नाव चिठ्ठीत कोठेही नव्हते, आणि मी इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली तरी हे आज तुम्ही विचारल्यावरच माझ्या ध्यानात आले.