भाऊबीजेच्या की भाऊबिजेच्या? आणि ‘ओवाळणी’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : दिवाळीच्या शुभेच्छांत ‘भाऊबीजेच्या’ आणि ‘भाऊबिजेच्या’ अशी दोन्ही रूपे दिसतात. बरोबर कोणते? आणि यातले ‘बीज’ पेरायचेच का?

— ‘भाऊबिजेच्या’ बरोबर. पेरायच्या बीजाशी याचा काही संबंध नाही. संस्कृत ‘द्वितीया’ प्राकृतातून मराठीत येता येता ‘बीज’ झाली, जशी ‘तृतीया’ची ‘तीज’ झाली. कार्तिक शुद्ध द्वितीयेची भाऊबीज, फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीज. हिंदीतली ‘दूज’ही द्वितीयेचीच. लिंग पाहिले की लगेच उलगडा होतो : पेरतो ते बीज, दिवाळीत येते ती बीज. ‘ते बीज’ संस्कृतातून जसेच्या तसे घेतले, म्हणून विभक्ती लागली तरी वेलांटी दीर्घच राहते : बीजाला, बीजाचे. ‘ती बीज’ मात्र वीज आणि जीभ यांच्या वळणाची. विजेला, जिभेला, तशीच बिजेला.

पंचांगात या तिथीला यमद्वितीया म्हणतात. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला तो हा दिवस, म्हणून भावाने या दिवशी बहिणीच्या घरी जेवायचे. एरवी सणाला लेक माहेरी येते. इथे माहेरच तिच्या दारात येते. मला या सणाचे सगळ्यात मोठे सुख तेच वाटते.

— एक भर. आमच्याकडे ‘भाऊबीज’ हे दिवसाचे नाव तसेच भेटीचेही. ‘दादाने काय भाऊबीज घातली?’ असे सर्रास विचारतात. अंगणवाडी सेविकांना सरकार दिवाळीत देते तिलाही ‘भाऊबीज भेट’च म्हणतात. आणि महर्षी कर्व्यांनी 1896 साली सुरू केलेली संस्था मुलींच्या शिक्षणासाठी ‘भाऊबीज निधी’ गोळा करते. देणारा आपोआप भाऊ होतो. एवढ्या छोट्या शब्दाने एवढे मोठे नाते जोडावे, याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न : मग ओवाळणी म्हणजे ओवाळण्याची क्रिया की तबकात टाकतात ते पैसे?

— आजच्या बोलण्यात पैसे किंवा वस्तू. क्रियेला ‘ओवाळणे’ किंवा ‘औक्षण’. भाऊ पाटावर बसतो, डोक्यावर टोपी किंवा निदान रुमाल. बहीण कुंकू लावते, अक्षता लावते, आधी सुपारी आणि सोन्याची अंगठी त्याच्या तोंडावरून फिरवते, मग निरांजनाने ओवाळते. त्यानंतर तबकात पडते ती ओवाळणी. ती ‘घालतात’ किंवा ‘टाकतात’. ‘ओवाळणी दिली’ चूक नाही, पण तबक डोळ्यांसमोर येते ते ‘घातली’ म्हटल्यावरच.

‘औक्ष’ हे आयुष्याचेच बोलीतले रूप. ‘औक्षवंत हो’ म्हणतात ते यातलेच. औक्षण होते माणसाचे : भावाचे, वाढदिवसाच्या मुलाचे. देवाला आरती ओवाळतात, त्याला कुणी औक्षण म्हणत नाही. ‘ओवाळणे’ दोन्हीकडे चालते, आणि ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला भाऊ मानून ओवाळतात तिथेही. पोरांचा चांदोमामा या नात्यात किती चपखल बसतो पाहा.

याच क्रियापदाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ‘बहीण भावावरून जीव ओवाळून टाकते’ यात माया आहे, आणि ‘तो अगदी ओवाळून टाकलेला आहे’ ही चक्क शिवी. कर्मणी रूप जपून वापरा.

— राखीबद्दल थोडेसे. श्रावणी पौर्णिमेला ‘पोवती पुनव’ असेही म्हणतात. पोवते म्हणजे सुताचे पवित्रक, ‘पवित्र’वरूनच आलेला शब्द. ‘राखी’ रक्षेतली, म्हणजे आपल्या ‘राखणे’ची सख्खी. आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका करतात तो भावाचा उपवास; त्याला ‘भावाचा उपवास’ असेच म्हणतात. लिहितानाही तसेच लिहावे, ‘भ्रातृव्रत’ वगैरे करू नये.