‘लाईट गेली’ की ‘लाईट गेले’?

मूळ प्रश्न, पलूस तालुक्यातून

मंडळी, माझं माहेर पुणं, सासर इथलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, फोन घेतला आणि कपाळाला हात लावला, “मोटार जळाली!” मी घाबरून विचारलं, “कुणाला लागलं नाही ना?” अख्खं घर हसलं. चारचाकीला इथं गाडी म्हणतात. मोटार ही विहिरीत सोडायची वस्तू आहे.

तो धडा पाठ झाला. आता अडलंय ‘लाईट’वर. पुण्यात आम्ही ‘लाईट गेले’ म्हणायचो, इथं ‘लाईट गेली’. परवा रात्री दीडला मामा, म्हणजे सासरे, बॅटरी घेऊन निघाले. अंगणातला दिवा लख्ख चालू. म्हटलं, “मामा, एवढ्या रात्री कुठं?” तर म्हणाले, “लाईट आली, पोरी.” दिवा जळत असताना लाईट येते कुठून? आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना ते कळलं कसं?

तासगावहून

ताई, अंगणातली लाईट आणि मामांची लाईट या दोन वेगळ्या. घराला सिंगल फेज, म्हणजे एका तारेतली वीज, पुरते. मोटारीला थ्री फेज, म्हणजे तीन तारांतली, लागते आणि ती शेतीपंपांना पाळीनं, ठरलेले काही तासच सोडतात, कधी दिवसा, कधी रात्री. (आम्ही ‘थ्री फेस’ म्हणतो. चूक आहे हे ठाऊक आहे, सुधारणार नाही.) तेव्हा ‘लाईट’ म्हणजे उजेड नव्हे, आणि खरं तर नुसती वीजही नव्हे. ‘या आठवड्यात आमची रात्रीची लाईट हाय’ यात लाईट म्हणजे वेळ. साखरपुड्याची तारीख काढताना पंचांगाच्या आधी हे वाक्य ऐकलंय मी.

लिंगाचं म्हणाल तर शहरात दिवे जातात, म्हणून ‘गेले’. आमच्याकडं जाते ती वीज. शिवाय पाण्याच्या सगळ्या बायकाच आहेत बघा: मोट ती, मोटार ती, पाळी ती, लाईट ती. मधे आलेलं तेलावरचं इंजान तेवढं ‘ते’, आणि नेमकं तेच आमच्या विहिरीवर टिकलं नाही.

मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतनं पाणी ओढायची कातडी पिशवी, माझ्या आजोबांनी हाकली. बैल दमले की मोट सुटायची, पाणी थांबायचं. बैल ज्या उतारावरनं मागं-पुढं जायचे ती ‘धाव’. आमच्या विहिरीची धाव अजून आहे, दगडी. तिच्यावर आता स्टार्टरची, म्हणजे मोटार चालू-बंद करायची, पेटी बसवलीय. ‘धावंवरनं जरा बघून ये’ असं आई म्हणते तेव्हा पेटीतला लाल दिवा बघायचा असतो. धावणारं तिथं कुणी राहिलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या पेटीत सिमकार्ड असतं. लाईट आली की पेटीच मालकाला फोन करते. त्याला म्हणायचं ‘मोटारीचा फोन’. माझ्या मोबाइलमध्ये तिचा नंबर ‘विहीर’ नावानं आहे. आरती चालू असताना खिशात विहीर वाजते आणि शेजारचा कुजबुजतो, “आली वाटतं.” महिन्याअखेरीला दुकानात जाऊन ‘मोटारीला रिचार्ज मार’ असंही म्हणतो आम्ही, आणि दुकानदार हसत नाही.

मोटार फोनवरनं चालू होते, मग मामा गेले कशाला? दारं धरायला. सरीत पाणी टोकाला पोचलं की फावड्यानं दारं, म्हणजे सरीचं तोंड, मोडायचं, पुढच्या सरीला धरायचं. ते काम फोन करत नाही. ठिबक असतं तर मामा झोपले असते. ऊस पाटपाण्यावर असणार तुमचा.

सांगलीहून

‘डीपी’ राहिली! कॉलनीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, ‘डीपी जळाली, उद्या बदलणार.’ खाली एका मुलीनं विचारलं, ‘जुना फोटो छान होता की, का बदलताय?’ खेड्यात डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, ती जळते. मोबाइलवरचा डीपी हा फोटो, तो बदलतात. अक्षरं तीच, लिंग वेगळं. सरकारी कागदावर पहिल्या डीपीला ‘रोहित्र’ म्हणतात. शब्द देखणा आहे, पण ‘रोहित्र जळालं’ म्हणून धावत सुटलेला माणूस मी पाहिला नाही.

आणि आमचा शहरी शब्द म्हणाल तर ‘फूट’. पावसाळ्यात सांगलीत ‘किती?’ एवढंच विचारतात आणि समोरचा ‘अडतीस’ म्हणतो. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. 40 ला इशारा, 45 ला धोका, 2019 ला 57 च्या वर गेली होती. भाजीवालीसुद्धा टीएमसी (धरणातला साठा, अब्ज घनफुटांत) आणि क्युसेकमध्ये (सोडलेलं पाणी, सेकंदाला घनफूट) बोलते. ‘कोयनेतनं पन्नास सोडलंय’ यातलं हजार आणि क्युसेक दोन्ही गाळलेलं असतं. पूर्वी पाणी कुठल्या पायरीवर आलं ते घाटावर जाऊन बघायचे. आता आकडा मोबाइलवर येतो, तरी लोक पुलावर जातातच.

पाटणहून

तासगावकर, मोट ती म्हणून लाईट ती, हे जमलं नाही. ‘वीज’च्या जागी शब्द आला, तिचं लिंग घेतलं, एवढंच. धरण आमच्या तालुक्यात, पण कोयनेचं पहिलं वीजघर घाटाखाली पोफळीला. तिथली माणसंही ‘लाईट गेली’च म्हणतात, आणि तिथं कुठली आलीय मोट! बाकी ‘वेळ’ हा अर्थ बरोबर. आणि वेळही ‘ती’च.

तासगावहून

मान्य. इंजानाबद्दलचं मात्र मागं घेत नाही.

पलूस तालुक्यातून

सगळ्यांचे आभार. मामांना वाचून दाखवलं. मोट-मोटारीवर हसले, पण ‘लाईट म्हणजे वेळ’ यावर म्हणाले, “मग? काय वेगळं सांगितलं त्यानं?”

एक नवी भर. शेजारच्या मळ्यात सोलर बसलाय. (‘बसलाय’ म्हणतात, म्हणजे तो.) त्यांना रात्रीची पाळी नाही, मोटारीचा फोन नाही. काल सकाळी मामांनी बांधावरनं हाक मारली, “लाईट हाय का रं?” शेजाऱ्यांनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, “दुपारपतूर न्हाय. ढग हाय.”