मदत हवी आहे: केस डेंग्यूमुळे गळत आहेत की बोअरच्या पाण्यामुळे?

बेसावासी:
नमस्कार. मी नागपूरला बेसा भागात राहते, वय ३९. सप्टेंबरच्या शेवटी मला डेंग्यू झाला होता. पाच दिवस ताप उतरत नव्हता आणि पुढे जवळजवळ महिनाभर जेवण जात नव्हते. दिवाळीत आम्ही प्रतापनगरचे भाड्याचे घर सोडून इकडे आलो. तिकडे नळाला पेंच धरणाचे पाणी होते, इथे बोअरचे आहे आणि ते इतके जड आहे की आठवडाभरात बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. डिसेंबरच्या मध्यापासून केस गळू लागले असून प्रत्येक न्हाण्याला जाळीवर लिंबाएवढा गुंता जमतो. खाज नाही, कोंडा नाही, कुठे चाईही पडलेली नाही. परंतु वेणी निम्मी झाल्यासारखी वाटते.

सासूबाईंच्या मते दोष पाण्याचाच आहे. पार्लरमध्ये केराटिन ट्रीटमेंट सुचवली गेली, शेजारच्या काकू म्हणतात की केस बारीक कापले की दाट येतात, आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मी पंधरा दिवसांपासून घेत आहे. खरे कारण कसे ओळखावे आणि कोणत्या तपासण्या कराव्यात, हे कृपया सांगावे. फ्लॅटला वॉटर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) बसवण्याचा खर्च मोठा असल्यामुळे तो निर्णय घाईने घ्यायचा नाही.

निवृत्त मास्तर:
ताई, मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही दिलेल्या तारखांमध्येच आहे.

प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने जगतो. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो, मग दोन-तीन आठवडे मूळ आक्रसते आणि त्यानंतर सुमारे ३ महिने तो केस वाढ थांबलेल्या अवस्थेत नुसता अडकून राहतो व शेवटी गळतो. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि त्यांतले १० टक्के या विश्रांतीत असतात. म्हणजे १० हजार केस शंभर दिवसांत गळायचे, दिवसाला शंभर. इतकी गळती निरोगी माणसाचीही होते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि हे प्रमाण २५-३० टक्क्यांवर पोहोचू शकते. मग तोच हिशेब दिवसाला अडीचशे-तीनशेवर जातो. मात्र हे दिसते दोन-तीन महिन्यांनी. म्हणून आज जाळीवर दिसणारा केस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुटलेला आहे, तुम्ही बेशाला येण्याआधी.

पाण्याचे काम वेगळे. त्वचेबाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यांवर बसतात, केस खरखरीत होतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो. परंतु मूळ त्वचेखाली तीन-चार मिलिमीटर खोल असते, तिथवर बादलीतले पाणी पोहोचत नाही. केस कापण्याचा परिणामही मुळावर होत नाही; नव्याने वर आलेले बोथट टोक हाताला जाड लागते, एवढेच. केराटिन ट्रीटमेंटही बाहेरच्या धाग्यापुरतीच.

तपासणी घरीच करा. दोन-तीन न्हाण्यांचे केस पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. एका टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. गाठ नसून लांबी कमी-जास्त असेल तर तुटलेला. तुम्ही तीन दिवसांनी न्हात असाल तर तीन दिवसांचे गळलेले केस एकदम दिसतात, हेही हिशेबात धरा.

मानेवाड्याची:
ताई, टायफॉइडनंतर माझे असेच झाले होते आणि आमच्याकडेही बोअरच आहे. सॉफ्टनरचा खर्च मी केला नाही. एक चूक मात्र सुधारली: मी अंगाच्या साबणाने डोके धूत असे. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो केसांवर राहतो. शॅम्पूचा किंवा रिठ्याचा तसा होत नाही. शेवटचे दोन मग फिल्टरच्या पाण्याचे घेते. भांगाजवळ सहा महिन्यांत बोटभर उभे केस दिसू लागले, तोपर्यंत आरशासमोर उभे राहणे मी टाळत असे, हे कबूल करते.

निवृत्त मास्तर:
एक राहून गेले. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड यांबद्दल विचारा. मात्र बायोटिनच्या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा, कारण त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. भांग हळूहळू रुंद होत असेल किंवा सहा महिन्यांनंतरही गळती ओसरली नाही, तर कारण वेगळे असू शकते.

बेसावासी:
सर आणि ताई, दोघांचे आभार. तीन न्हाण्यांचे केस कागदावर पसरून मोजले. सासूबाई चष्मा लावून मदतीला बसल्या. एकूण ४१२ पैकी ३३७ केसांना पांढरी गाठ होती, उरलेले तुटलेले. म्हणजे पाण्याचाही थोडा वाटा आहे, असे सासूबाईंनी लगेच दाखवून दिले. बायोटिन थांबवले आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस जाऊ देऊन रक्त दिले. थायरॉइड ठीक आहे, फेरिटिन मात्र बरेच कमी निघाले. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. सॉफ्टनरचा विचार सध्या सोडला. शेवटचे एक विचारायचे आहे: खोबरेल तेल न्हाण्याआधी लावावे की नंतर?

निवृत्त मास्तर:
आधी. खोबरेल तेल धाग्याच्या आत थोडे शिरते आणि धुताना जाणारी प्रथिने कमी करते, म्हणून तासभर आधी लावणे पुरे. ते टाळूवर खसाखसा चोळू नका. जे केस सुटलेलेच आहेत, ते एकदम हातात येतील आणि तुम्ही पुन्हा घाबराल.